‘कडक!’च्या पुढे काय बोलायचं?

प्रश्न : आमचा दहा-बारा हौशी फोटोग्राफरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणी काहीही टाकलं की ‘अप्रतिम’, ‘कडक’ आणि अंगठे. एकाने जेजुरीच्या सोमवती यात्रेचा फोटो टाकला. ‘भंडारा भगभगीत झालाय’ एवढंच मी लिहिलं, तर तो ग्रुपच सोडून गेला. खरं बोलायचं तरी कसं? – वाचक, सासवड

उत्तर : तुमचं निरीक्षण बहुधा बरोबर होतं, पण तुम्ही ते अर्ध्यावर सोडलंत. ‘भगभगीत’ वाचून त्याने करायचं काय? भंडाऱ्याचा रंग गडद पिवळा, त्यामुळे उन्हात लाल चॅनल (कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगळे नोंदतो, त्यातला लाल) सगळ्यात आधी भरतो. एकत्रित हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) सुरक्षित दिसत असतो आणि लाल मात्र उजव्या कडेला जाऊन आपटलेला असतो. मग हवेत उधळलेल्या भंडाऱ्याचे पदर नाहीसे होतात, उरतो तो सपाट पिवळा डाग. कॅमेऱ्यातलं पिक्चर प्रोफाइल ‘व्हिव्हिड’ (रंग भडक करणारं) असेल तर हे आणखी लवकर घडतं. तेव्हा लिहायचं ते असं : ‘वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या भंडाऱ्यात पदर दिसत नाहीत. पुढच्या वेळी आरजीबी (तिन्ही रंग वेगळे दाखवणारा) हिस्टोग्राम लावून लाल बघ, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड) खाली ठेव. याची रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली) फाइल असेल तर हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली ओढून पाहा, बरंचसं परत येईल.’ जागा, कारण आणि उपाय हाती आले की रुसायला फारसं निमित्त उरत नाही. (तरीही रुसला, तर रुसू दे.)

आणि मुळात ग्रुप ही टीकेची जागा नव्हे. चार लोकांदेखत एका ओळीत लिहिलेलं कसंही वाचलं जातं. महिन्यातून एकदा समोरासमोर बसा. माणशी एकच फोटो, लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत). वॉटरमार्क नको, नाव दिसलं की दाद माणसाला मिळते, फोटोला नाही. फोटो पडद्यावर आला की अर्धा मिनिट सगळे गप्प. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या : नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडली. चिठ्ठ्या आधी, चर्चा मागाहून. हा क्रम मोडू नका, कारण मंडळातल्या एखाद्या ज्येष्ठाने ‘वा’ म्हटलं की बाकीच्या माना आपसूक हलतात. ज्याचा फोटो त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. हेच सगळ्यात जड जातं. पण ‘पहाटे तीनला उठलो, गर्दीतून गड चढलो’ हे एकदा ऐकलं की फोटो आहे त्यापेक्षा बरा दिसायला लागतो. सात-आठ मिनिटांच्या हिशेबाने तासाभरात आठ फोटो होतात. त्याहून जास्त घेतलेत तर शेवटच्यांच्या वाट्याला नुसत्या जांभया येतील.

प्रश्न : भिगवणला काढलेल्या रोहित पक्ष्यांच्या फोटोंना तिघांनी ‘सॉफ्ट आहेत’ म्हटलं. लेन्स बदलू का? – वाचक, बारामती

उत्तर : इतक्यात नको. ‘सॉफ्ट’ म्हणजे डॉक्टरने ‘तब्येत बरी नाही’ एवढंच सांगून फी घेण्यासारखं आहे. आधी विचारा, पाहिली कोणती फाइल? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल एक्झिफसकट (शटर, आयएसओ वगैरेंच्या नोंदींसकट) पोचते.

मग ती शंभर टक्क्यांवर उघडा. पाण्यावरचे चमचमते ठिपके सगळे एकाच दिशेला ओढले गेलेत? कॅमेरा हलला. डोळा नीट, पण पंखांची टोकं पुसट? शटरचा वेग कमी पडला. पक्षी पुसट आणि त्याच्या अलीकडच्या लाटा अगदी स्वच्छ? फोकस पुढे पडला. सलग काढलेल्या फ्रेममध्ये कडा वितळल्यासारख्या, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या दिसत असतील, तर तो पाण्यावरच्या तापलेल्या हवेचा प्रताप. त्यावर लाखाची लेन्सही उपयोगाची नाही. ऊन चढायच्या आत काम उरका.

एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स हातात धरून काढायचं तर बसलेल्या पक्ष्यालाही शटर १/६४० सेकंद हवा, उडणाऱ्याला १/२०००, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर. स्टॅबिलायझर हाताची थरथर सावरतो, होडीचे हेलकावे नाही. नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा. थवा उडवायला मात्र सांगू नका. उडवलेले पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून पळतात आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं.

प्रश्न : आमचे एक ज्येष्ठ प्रत्येक फोटो ‘रूल ऑफ थर्ड्स’मध्ये (चौकटीचे आडवे-उभे तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा नियम) बसवून क्रॉप करायला सांगतात. ऐकायचं का? – वाचक, नाशिक

उत्तर : वरच्या चिठ्ठ्या इथे कामाला येतात. पाचांपैकी तिघांची नजर एकाच जागी अडली, तर तिथे काहीतरी बिघडलंय. एकट्या त्यांचीच अडत असेल तर ती त्यांची आवड. तरी कॉपीवर क्रॉप करून दोन दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. फक्त हिशेब लक्षात असू द्या : २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० ची फाइल कापून लांब बाजू ३००० वर आणलीत, तर सहाच मेगापिक्सेल उरतात. प्रदर्शनासाठी १२ बाय १८ इंची प्रिंट काढायची तर इंचाला जेमतेम १६६ पिक्सेल. इतकं कापावं लागत असेल, तर पुढच्या वेळी चार पावलं पुढे जाऊन काढा.