एक्सएमएलमधली न दिसणारी अक्षरं
टॅगांमध्ये माहिती मांडणारी एक्सएमएल फाइल वाचणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, ‘अवैध अक्षर’ म्हणून अडला, की त्याने सांगितलेली जागा आधी हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला प्रत्येक बाइट आकड्यात दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) बघा. साध्या एडिटरमध्ये ही अक्षरं बहुधा दिसतच नाहीत. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या कोडांपैकी फक्त ९, १० आणि १३ चालतात, म्हणजे टॅब, लाइन फीड आणि कॅरेज रिटर्न. बाकीची सीडेटामध्ये (मजकूर जसाच्या तसा ठेवणाऱ्या भागात) गुंडाळली किंवा आकडी कोड देऊन लिहिली, तरीही चालत नाहीत. नवशिक्यांचे तासन्‌तास इथेच जातात, म्हणून मुद्दाम सांगतोय. पार्स करण्याआधी ही अवैध अक्षरं काढून टाका, पण मजकूर डीकोड झाल्यावरच, म्हणजे बाइटांची अक्षरं झाल्यावरच. यूटीएफ-१६ फाइलमधले (जिथे एका अक्षराला दोन किंवा चार बाइट लागतात) कच्चे बाइट उडवलेत, तर चांगला मजकूरही बिघडेल. काय काढलं आणि कुठून, ते लॉगमध्ये लिहा आणि फाइल बनवणाऱ्याला कळवा.