पोथ्या पडद्यावर आल्या, आता वाचणारा हवा

पत्र : स.न.वि.वि. माझी मुलगी पुण्यात इतिहास विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. त्याबरोबर ती रशियन भाषेचा डिप्लोमा करते आहे आणि गेल्या सुट्टीत तिने मोडी लिपीचा वर्गही पूर्ण केला. पुढे तिला स्लाव्ह आणि युरेशियातील ग्रंथसंस्कृतीचा, म्हणजे तिथली जुनी हस्तलिखिते, छपाई आणि ग्रंथालये यांचा अभ्यास करायचा आहे. तिचे वडील विचारतात की, सगळी पुस्तके स्कॅन होऊन संगणकावर आली असतील तर ती वाचायला वेगळा माणूस कशाला लागतो? माझा भाऊ आयटीत आहे. तो म्हणतो, हे सोडून डेटा सायन्स कर. परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढावे का, हाही प्रश्न आहे. कृपया मार्गदर्शन करावे. – एक आई, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न मुलीच्या वडिलांचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पुस्तकाचे छायाचित्र संगणकावर येणे ही एक गोष्ट आणि त्या छायाचित्रातला मजकूर शोधता, मोजता, ताडून पाहता येईल अशा रूपात येणे ही दुसरी. आपल्या मुलीला जे काम करायचे आहे, ते या दोहोंच्या मधले आहे. इ.स. १०५६-५७ मध्ये ग्रिगोरी नावाच्या डीकनने, म्हणजे चर्चमधल्या कनिष्ठ धर्मसेवकाने, लिहून पूर्ण केलेले ओस्त्रोमीर शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचा ग्रंथ) हे नक्की तारीख असलेले सर्वांत जुने पूर्व स्लाव्ह पुस्तक मानले जाते. ते सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्याची पाने आज सांगलीत बसूनही पाहता येतात. पण अशा जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, पवित्र मानलेले शब्द मधली अक्षरे गाळून वर एक आडवी खूण देऊन लिहिलेले असतात आणि आकड्यांसाठी वेगळी चिन्हे नसून अक्षरांनाच आकड्यांची किंमत दिलेली असते. बोरू न उचलता ओळच्या ओळ सलग लिहीत जाणारा मोडीचा कारकून ज्या मुलीने वाचला आहे, तिला हे सारे ओळखीचे वाटेल. संगणकाला मात्र ते कोणीतरी आधी शिकवावे लागते.

तारखेचेच उदाहरण घ्या. मॉस्कोत छापलेले पहिले दिनांकित पुस्तक, इवान फ्योदोरोव्हचा 'अपोस्तोल', छापायला घेतले १९ एप्रिल ७०७१ रोजी आणि पुरे झाले १ मार्च ७०७२ रोजी, असे त्याच्या शेवटी नोंदलेले आहे. ही वर्षे सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेली आहेत. त्यांतून ५५०८ वजा केले की १५६३ आणि १५६४ मिळतात. पण त्या काळी मॉस्कोत वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असे, त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५५०९ वजा करावे लागतात. मोडी कागदावरच्या सुहूर सनाचे इसवी सन काढताना ५९९ मिळवायचे की ६००, हा प्रश्न आपल्या मुलीने वर्गात सोडवलेला असणार. तोच हिशेब इथे वेगळ्या वेशात येतो. ज्याला तो माहीत नाही, अशा माणसाने किंवा यंत्राने सूची तयार केली तर वर्षाची चूक एका नोंदीपुरती राहत नाही, त्या नियमाने भरलेल्या सगळ्या नोंदींत शिरते.

छापील पुस्तकांची कथा निराळी नाही. १९१८ च्या लेखनसुधारणेपूर्वी रशियनमध्ये 'मीर' हा उच्चार असलेले दोन शब्द होते, एकाचा अर्थ शांतता आणि दुसऱ्याचा जग. दोन्ही शब्दांत 'ई' दाखवणारी अक्षरे वेगळी असत. सुधारणेत त्यांतले एक अक्षर रद्द झाले आणि दोन्ही शब्द दिसायला एक झाले. एकोणिसाव्या शतकातले वर्तमानपत्र संगणकावर चढवताना कोणी सोयीसाठी लेखन नवे करून टाकले, तर पुढच्या अभ्यासकाला लेखकाने शांततेबद्दल लिहिले होते की जगाबद्दल, हे शोधयंत्राकडून कधीच कळणार नाही. शिवाय सिरिलिक, म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात ती, आणि रोमन या लिपींतली काही अक्षरे दिसायला हुबेहूब सारखी असली तरी संगणकाच्या लेखी ती वेगळी चिन्हे असतात. टंकताना एखादे रोमन अक्षर मध्येच घुसले की शब्द डोळ्यांना बरोबर दिसतो आणि शोधात सापडत नाही.

हस्ताक्षर ओळखणारी साधने आता आली आहेत, हे खरे आहे. 'ट्रान्सक्रिबस' हे त्यांतले बरेच वापरात असलेले साधन असून, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचे आखिम राबुस यांनी चर्च स्लाव्हॉनिक (स्लाव्ह चर्चची जुनी ग्रंथभाषा) हस्तलिखितांसाठी त्यावर काम केले आहे. पण अशा साधनाला शिकवायचे म्हणजे आधी जाणकार माणसाने पानेच्या पाने अचूक वाचून द्यावी लागतात, आणि यंत्राने वाचलेले पुन्हा तपासायलाही तसाच माणूस लागतो. मुलीच्या वडिलांना माझे उत्तर एवढेच आहे.

आता आपल्या भावाच्या सल्ल्याबद्दल. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. मुलीने हे सारे सोडून डेटा सायन्सची सर्वसाधारण पदवी घ्यावी, असे मला वाटत नाही, कारण त्या रांगेत तिच्यापुढे गणिताची तयारी असलेली असंख्य मुले उभी आहेत. उलट, जुनी सिरिलिक वाचता येणारी आणि थोडेफार पायथन (संगणकाला सूचना देण्याची एक भाषा) लिहिता येणारी माणसे फार थोडी असतात. तिने पायथनची प्राथमिक ओळख, युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात ठराविक क्रमांक देणाऱ्या पद्धतीची समज, ग्रंथालयातल्या सूचीकरणाचे नियम आणि मजकुराला खुणा घालून तो संगणकासाठी सिद्ध करण्याची 'टीईआय' ही पद्धत शिकून घ्यावी. पायथन मामाकडून शनिवार-रविवारी शिकता येईल. त्यासाठी महागडा क्लास लावू नका.

या विषयात मराठी मुलीला स्वतःची अशी जागा आहे का, हे आपण विचारलेले नाही, पण मला तोच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी अफानासी निकितीन १४७० च्या आसपास होर्मुझहून समुद्रमार्गे चौलला उतरला, तिथून जुन्नरला गेला, पावसाळ्याचे दोन महिने तिथे राहिला आणि पुढे बहमनी राजधानी बीदरला पोचला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, तेही त्याने लिहून ठेवले आहे. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोचण्यापूर्वीच तो वारला. त्याच्या प्रवासाच्या वह्या मॉस्कोला पोचल्या आणि ६९८३ या वर्षाखाली, म्हणजे आपल्या हिशेबाने १४७५ च्या सुमारास, बखरीत उतरवल्या गेल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझीन यांना त्या मजकुराची एक प्रत त्रोइत्से-सेर्गियेव्ह मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडली. रेवदंड्याला निकितीनचे स्मारक आहे. सहलीला गेलेली मंडळी त्याच्यासमोरून पुढे निघून जातात.

हा मजकूर सिरिलिकमध्ये असला तरी त्यात तुर्की, फारसी आणि अरबी शब्द मुक्तपणे मिसळले आहेत, आणि मराठी मुलखातली गावे रशियन कानांनी ऐकून लिहिलेली आहेत. चौलचे 'च्युविल' होते आणि जुन्नरचे 'च्युनेर'. चौलहून पालीला आठ दिवस आणि पालीहून 'उम्री'ला दहा दिवस लागले, असे तो लिहितो. ही पाली रायगड जिल्ह्यातली धरली तर एवढ्याशा वाटेला आठ दिवस का लागावेत, हा प्रश्न कोकणात एकदा तरी फिरलेल्या माणसाला तत्काळ पडतो. आणि उमरी नावाची गावे आपल्याकडे किती आहेत, हे आपण जाणताच. या प्रवासवर्णनाची नकाशाला जोडलेली संगणकीय आवृत्ती करायची झाली, तर स्थळनामे ठरवण्याच्या कामी रशियन आणि मोडी दोन्ही वाचणारी, घाटवाटांची माहिती असलेली व्यक्ती त्वेरच्या अभ्यासकालाही हवीच असेल. निव्वळ रशियन साहित्याच्या जोरावर तिला रशियन मुलांशी स्पर्धा करावी लागेल. इथे तशी वेळ येणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. स्लाव्ह अभ्यास म्हणजे रशियाचा अभ्यास, हे समीकरण आता जुने झाले आहे. सिरिलिक लिपीतली पहिली छापील पुस्तके १४९१ मध्ये क्राकोव्हला निघाली. फ्रान्तिस्क स्कारिना या बेलारूसी विद्वानाने १५१७ मध्ये प्रागमध्ये छपाई सुरू केली. आणि ज्या फ्योदोरोव्हचा उल्लेख वर आला, त्याची पुढची मोठी कामे, १५७४ ची बाराखडी आणि १५८१ चे ओस्त्रोह बायबल, आजच्या युक्रेनमध्ये छापली गेली. उझ्बेक भाषेची पुस्तके तर एका शतकात अरबी, रोमन, सिरिलिक आणि पुन्हा रोमन अशा लिपींतून गेली. आजोबांनी वाचलेले पुस्तक नातवाला वाचता येऊ नये, अशी ही परिस्थिती आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर रशियातल्या दप्तरखान्यांपर्यंत पोचणे परदेशी अभ्यासकांना अवघड झाले आणि युक्रेनियन व मध्य आशियाई भाषा जाणणाऱ्यांची गरज वाढली. त्याच वर्षी मार्चमध्ये 'सूचो' या उपक्रमात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी घरबसल्या युक्रेनमधल्या संग्रहालयांची आणि ग्रंथालयांची संकेतस्थळे उतरवून जपली, कारण इमारतीवर बॉम्ब पडला तर आतल्या सर्व्हरवरचा संग्रहही जातो. तेव्हा रशियनचा डिप्लोमा पुरा झाल्यावर मुलीने युक्रेनियन, पोलिश किंवा उझ्बेक यांपैकी एका दुसऱ्या भाषेला हात घालावा, असे मी आग्रहाने सांगेन.

नोकऱ्यांविषयी स्पष्टच लिहितो. 'स्लाव्ह ग्रंथसंस्कृतीचे अभ्यासक' अशी जागा भारतात जाहिरातीत दिसणार नाही, आणि अमेरिका-युरोपातल्या मोठ्या ग्रंथालयांतही अशा जागा थोड्याच असतात. तिला मिळू शकेल ते काम शेजारच्या नावांनी येईल: विद्यापीठात रशियनचे अध्यापन, ज्यासाठी रशियन या विषयात नेट देता येते, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम, दप्तरखान्यांतले डिजिटायझेशनचे प्रकल्प, आणि तोवर घरखर्च चालवायला औषध कंपन्यांपासून संरक्षण क्षेत्रापर्यंत सगळीकडे लागणारे रशियन भाषांतर. यांतले शेवटचे काम कमी प्रतीचे समजू नका. संशोधनात टिकून राहायचे तर पहिली काही वर्षे तोच आधार ठरतो.

कर्जाचे उत्तर सरळ आहे: काढू नका. जिथे सुरुवातीचा पगार अनिश्चित आहे, तिथे हप्ता निश्चित असणे घरासाठी घातक असते. बी.ए.नंतर तिने एक वर्षाची ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यावी, किंवा दिल्लीत जेएनयूमध्ये अथवा दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्हॉनिक आणि फिनो-उग्रियन विभागात एम.ए.साठी प्रयत्न करावा. डिजिटल पद्धतींची गोडी लागली, तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाकडेही पाहावे. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांची 'बिचित्र' ही संगणकीय आवृत्ती त्यांनीच केली आहे, आणि अशा कामात किती हात व किती डोळे लागतात, हे तिथे जवळून कळते. परदेशात जायचे तर पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जावे. अर्धी शिष्यवृत्ती आणि अर्धे कर्ज, हा मधला मार्ग या विषयात मला पटत नाही.

हे सगळे ठरवण्यापूर्वी येत्या सुट्टीत तिने एक छोटे काम करून पाहावे. सोव्हिएत काळात मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी मराठीत पुस्तके छापली. मुलांच्या चित्रमय गोष्टींपासून कादंबऱ्यांपर्यंत ती आपल्याकडे स्वस्तात मिळत आणि १९९१ नंतर ती येणे थांबले. सांगलीतल्या घरांत, शाळांच्या कपाटांत आणि रद्दीच्या दुकानांत त्यांतली काही आजही असतील. तिने अशी वीस पुस्तके शोधावीत आणि प्रत्येकाची नोंद करावी: मूळ लेखक, अनुवादक, चित्रकार, वर्ष, किंमत, आणि आत कोणाचे नाव किंवा शाळेचा शिक्का असेल तर तोही. शेवटच्या पानावर बहुधा रशियनमध्येच, बारीक अक्षरांत, छपाईचा तपशील आणि किती प्रती काढल्या तो आकडा असतो. डिप्लोमाच्या रशियनवर तो सहज वाचता येतो. या वीस नोंदी एका तक्त्यात भरताना मराठी नाव, रशियन नाव आणि रोमन लिप्यंतर यांचा मेळ बसवताना ती वैतागली आणि तरीही एकविसावे पुस्तक शोधायला निघाली, तर मला कळवा. मग ग्रंथालयशास्त्र आधी की एम.ए. आधी, ते आपण बोलू. पहिले पुस्तक वडिलांच्याच जुन्या ट्रंकेत आहे का, ते आधी पाहून घ्या.