आमदार-खासदारांना समाजमाध्यमांवर लिहून खरोखर काम होते का?

काम होते, मात्र ज्याला आपण लिहितो त्याच्या हाताखाली कोणती यंत्रणा आहे, यावर बरेच अवलंबून असते.

सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. तेव्हा धावत्या गाडीतून प्रवाशाने ट्विटरवर अडचण लिहिली की पीएनआर आणि मोबाइल क्रमांक विचारला जाई, निरोप संबंधित विभागाच्या अधिकाऱ्यांकडे जाई आणि तान्ह्या बाळासाठी दूध किंवा आजारी प्रवाशासाठी डॉक्टर पुढच्या स्थानकावर मिळत असल्याच्या बातम्या वरचेवर येत. मंत्र्यांची तत्परता खरीच होती. पण रेल्वेत मंत्रालयापासून फलाटापर्यंत एकाच खात्याचा हुकूम चालतो आणि गाडी कोठे पोहोचली हे नियंत्रण कक्षाला ठाऊक असते, म्हणूनच ती तत्परता प्रवाशापर्यंत पोहोचली. तरीही मंत्र्यांचे लक्ष गेले तरच मदत मिळावी, हे मला तेव्हाही पटत नव्हते. साध्या फोनवरूनही लागणारा १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आणि २०१८ मध्ये आलेले ‘रेल मदद’ ॲप मला म्हणूनच अधिक मोलाचे वाटतात.

आमदारांची गोष्ट वेगळी आहे. आमच्या भागातील एका लोकप्रतिनिधीच्या फेसबुक पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली ‘तीन दिवस नळाला पाणी नाही’ असे कोणी लिहिते आणि उत्तरादाखल हात जोडल्याचे चिन्ह येते. हे मनाला लागते, कारण लिहिणाऱ्याने विश्वासाने लिहिलेले असते. पण पाणी पालिकेचे, रस्ता कधी पालिकेचा, कधी जिल्हा परिषदेचा, तर कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. तेथे आमदार थेट आदेश देऊ शकत नाही, जाब मात्र विचारू शकतो.

म्हणून माझा सल्ला असा की, विषय राज्य शासनाच्या खात्याचा असेल तर आधी ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, पालिकेचा असेल तर पालिकेकडे. आणि मग तक्रार क्रमांक, तारीख, खात्याचे नाव व छायाचित्र यांसह लोकप्रतिनिधीला जाहीरपणे लिहावे. स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि पत्ता मात्र खासगी संदेशातच द्यावा. एवढ्यानेही दाद लागली नाही, तर या विषयावर विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात असा प्रश्न, विचारावा, अशी लेखी विनंती आमदारांना करावी, आणि तीही अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, कारण असे प्रश्न आगाऊ सादर करावे लागतात.