डेटाबेस रोज संध्याकाळी बंद पडतोय, दुसरं मशीन घेऊ का?

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचं युनिट आहे. ऑर्डर आणि स्टॉकसाठी एका पोराकडून पीएचपीत अ‍ॅप करून घेतलंय, क्लाउडवर उबंटूचं १ जीबी रॅमचं मशीन आहे, त्यावरच अपाची (वेब सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). संध्याकाळी सगळे दिवसभराच्या एन्ट्र्या मारायला बसले की डेटाबेस कनेक्शनचा एरर येतोय, रिस्टार्ट केलं की परत चालतंय. पोरगा म्हणतोय डेटाबेसला वेगळं मशीन घ्या, आणि अकाउंटंटला ऑफिसातनं एक्सेलमध्ये डेटा ओढायचाय म्हणून ३३०६ पोर्ट (डेटाबेसचं दार) सगळ्यांना उघडा. करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मालक, दुसरं मशीन आत्ता नको, आणि पोर्ट तर अजिबात नको.

आधी कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग बघायला सांगा, एरर आला त्या वेळेला तिथं 'आउट ऑफ मेमरी' आणि पुढं मायएसक्यूएलडीचं (मायएसक्यूएलच्या प्रोसेसचं) नाव दिसलं की समजायचं रॅम संपली म्हणून कर्नलनंच डेटाबेसला मारलं. कर्नल सहसा जास्त रॅम खाणाऱ्यालाच धरतो आणि एवढ्या लहान मशीनवर तो बहुतेक वेळा मायएसक्यूएल असतो, पण खरं खाणारा दुसराच निघतो, तो म्हणजे अपाची. जुन्या प्रीफोर्क पद्धतीत एकावेळच्या प्रत्येक रिक्वेस्टला एक प्रोसेस लागते, प्रत्येकीच्या पोटात पीएचपी, आणि उबंटूच्या सेटिंगमध्ये अशा १५० पर्यंत चालतात. शेडमध्ये जागा दहा मागांची आणि परवानगी दीडशेची, असलं काम झालं हे. डेटाबेस दुसरीकडं नेला तरी ही दीडशेची परवानगी तशीच राहणार की ओ, मग तिथं अपाचीच गुदमरणार.

म्हणून अपाचीतलं मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स, म्हणजे ती दीडशेची मर्यादा, कमी करा. आकडा माझ्यावर विश्वास ठेवून टाकू नका, मोजून काढा : सिस्टिम आणि मायएसक्यूएलचं मिळून साधारण ६०० एमबी जात असेल, उरले ४०० च्या आत, एक प्रोसेस ३० एमबी खात असेल तर १० ते १२ वर थांबायचं. पुढची रिक्वेस्ट रांगेत उभी राहते, एन्ट्री दोन सेकंद उशिरा होईल पण होईल. सोबत २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा, तिची परमिशन ६०० (फक्त मालक-युजरला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा आणि एफस्टॅबमध्ये (मशीन सुरू होताना वाचली जाणारी फाइल) तिची ओळ घाला, नाहीतर रीबूट झालं की स्वॅप गायब. इंजिनएक्स (दुसरा वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएमवर (पीएचपी वेगळं चालवायची पद्धत) गेलात तर आणखी बरं, पण तिथंही मॅक्स चिल्ड्रन (पीएचपीच्या प्रोसेसची मर्यादा) आवरावंच लागतं.

एक सांगतो, नेटवर 'बफर पूल (डेटाबेसनं डेटा ठेवायची रॅममधली जागा) रॅमच्या ७०-८० टक्के करा' असं वाचून कुणी तो आकडा फुगवायला निघालं तर थांबवा, ते फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या मशीनचं गणित आहे. तुमचा १२८ एमबीचा डिफॉल्ट आहे तो राहू द्या.

आता पोर्ट. ३३०६ सगळ्या जगाला उघडा ठेवला की पासवर्ड मारून बघणारे बॉट लगेच सुरू होतात, त्यांना सोलापूरचं युनिट लहान आहे याचं काही देणंघेणं नसतं. बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ च असू द्या, म्हणजे डेटाबेस फक्त त्याच मशीनवरून ऐकेल, फायरवॉलमध्ये बाहेरून फक्त २२ (एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन), ८० आणि ४४३ (वेब). यूएफडब्ल्यू (उबंटूचा फायरवॉल) चालू करायच्या आधी एसएसएचला परवानगी द्या बरं का, उलटं केलं तर स्वतःच बाहेर अडकाल. अकाउंटंटला एसएसएच टनेल (त्या लॉगिनमधून डेटाबेसपर्यंत जाणारी बंद वाट) करून द्या, विंडोज १० पासून एसएसएच आतच मिळतं : त्याच्या पीसीचा ३३०७ हा सर्व्हरच्या ३३०६ ला जोडायचा आणि एक्सेलला ओडीबीसीतून (डेटाबेसला जोडून देणारा ड्रायव्हर) त्या ३३०७ कडं वळवायचं. त्याच्यासाठी वेगळा युजर करा आणि फक्त सिलेक्टची (वाचायची) परवानगी द्या, चुकून स्टॉक पुसायला नको.

अजून एक, डेटाबेस इतक्या वेळा मधेच मेलाय तर टेबलं इनोडीबीची आहेत का मायआयसॅमची (टेबलं साठवायचे दोन प्रकार) ते विचारा. इनोडीबी उठल्यावर स्वतःला सावरून घेतं, मायआयसॅमची टेबलं मात्र बिघडू शकतात. रोज रात्री क्रॉनमधनं (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम) मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत) घ्या, फाइल दुसऱ्या ठिकाणी पाठवा आणि एकदा ती रिस्टोर करून बघा.

एवढं करून महिनाभर बघा. तरी स्वॅप सारखी वापरात दिसली तर हेच मशीन २ जीबीचं करा, दोन मशीन सांभाळत बसण्यापेक्षा ते परवडतं.