चित्रं आवडणाऱ्या बाईने गाड्यांच्या म्युझियममध्ये काय बघायचं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात फॅमिली ट्रिप आहे, जिथे दोन दिवस थांबणार तिथल्या म्युझियममध्ये जुन्या क्लासिक गाड्या आणि चित्रं-शिल्पं असं एकत्र प्रदर्शन लागलंय. नवरा आणि मुलगा गाड्यांचे वेडे. मला चित्रं आवडतात, पण गाडीतलं मला पेट्रोल कुठून भरतात एवढंच कळतं. अर्धा दिवस त्यात घालवू की सरळ बाहेर बाकावर बसून राहू?

उत्तर: बाकावर अजिबात बसू नका हो ताई, उलट माझं म्हणणं असं की अशा प्रदर्शनात तुम्हालाच जास्त दिसेल, कारण नवरोजी आणि चिरंजीव पाटी वाचत बसतील किती सीसी, किती स्पीड, आणि तुम्ही मात्र गाडीकडे बघाल. इंजिन विसरून जा. गाडी म्हणजे पत्र्याचं शिल्प आहे असं धरून चाला. हे मी हवेतलं सांगत नाहीये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्येच ८ गाड्या आणून शिल्पं मांडतात तशा मांडल्या होत्या आणि त्यात चक्क एक साधी मिलिटरी जीपसुद्धा होती! म्हणजे सुंदर असायला गाडी लांबलचक आणि महागडीच पाहिजे असं काही नाही. त्याच आठांत इटालियन डिझाइनर पिनिनफारिनाची १९४६ ची सिसिटालिया ही गाडी होती. लाकडी साच्यावर अल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून ठोकून बनवलेली बॉडी, त्यामुळे बॉनेट, मडगार्ड, दार असे वेगवेगळे तुकडे जोडल्यासारखे वाटतच नाहीत, सगळं एकातून एक वाहत गेल्यासारखं. पुढे १९७२ मध्ये ती त्या म्युझियमच्या कायमच्या संग्रहातच गेली.

आता बघायचं कसं, तर गाडीसमोर आधी जरा खाली वाका, गुडघे साथ देत असतील तर उकिडव्याच बसा. छतावरचा दिवा पत्र्यावर लांब रेघ होऊन पडलेला दिसतो ना, ती रेघ डोळ्यांनी धरून बॉनेटपासून डिक्कीपर्यंत जा. रेघ कुठेही न तुटता वळत गेली तर समजायचं की ठोकणाऱ्याचा हात पक्का होता. एवढं एक जमलं तरी बाकीचं आपोआप दिसायला लागतं. आणि एखादी विचित्र गोष्ट दिसली की 'हे असं का' एवढंच विचारा. बुगाटी अटलांटिक या जुन्या गाडीच्या पाठीवरून रिव्हेटची एक शिवण जाते, माशाच्या पाठीवरच्या परासारखी. ती मुळात नक्षी नव्हतीच, आधीचा नमुना ज्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता त्याला वेल्डिंग जमेना म्हणून पत्रे रिव्हेटने जोडले, नंतरच्या गाड्या अल्युमिनियमच्या झाल्या, गरज संपली, तरी शिवण राहिली कारण दिसायलाच झकास होती. आणि या बुगाटींचं घरच कलेचं हो. वडील कार्लो फर्निचर डिझाइनर, कंपनी काढणाऱ्या एत्तोरेचा धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं करायचा, तो १९१६ मध्येच गेला पण नंतर आलेल्या रॉयाल या अवाढव्य गाडीच्या नाकावर जो मागच्या पायांवर उभा हत्ती आहे तो त्याच्याच शिल्पावरून घेतलाय. तेव्हा नाकावरचं चिन्ह बघितल्याशिवाय कुठल्याच गाडीपुढून हलायचं नाही.

उलटी गंमतही असते, गाडीलाच कॅनव्हास करायची. १९७५ मध्ये अलेक्झांडर कॅल्डरने, तोच तो हवेत हलणारी शिल्पं करणारा, बीएमडब्ल्यूची एक रेसची गाडी रंगवली आणि ती खरोखर ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. पुरी करता आली नाही बिचारीला. नंतर १९७९ मध्ये पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहोलने स्वतः ब्रश घेऊन अर्ध्या तासाच्या आत अख्खी गाडी रंगवून टाकली आणि ती ल मांमध्ये सहावी आली. मला विचाराल तर त्याआधीची, १९७७ ची रॉय लिख्टेनस्टाइन या चित्रकाराची जास्त आवडते, त्याचे ते छापील ठिपके आणि रस्त्याकडेला मागे पळणारा देखावा, गाडीने जे बघितलं तेच गाडीच्या अंगावर काढलंय.

एकच ताकीद, सगळ्या गाड्या बघायच्या नाहीत. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगनहाइम म्युझियममध्ये २०२२ साली वास्तुकार नॉर्मन फॉस्टरने गाड्या आणि कला असं मोठं प्रदर्शन मांडलं होतं, त्यात गाड्या चाळीसच्या आसपासच होत्या, आणि तेवढ्यानेही माणूस दमतो. आधी एक चक्कर भरभर मारून घ्या, मग ज्या ५-६ डोक्यात राहिल्या त्यांच्याकडे परत जा.

प्रश्न: मुलगा ७ वर्षांचा, हात लावल्याशिवाय राहतच नाही. पण हात लावला तर असं काय बिघडतं, आपली गाडी आपण रोज पुसतोच की?

उत्तर: आपल्या गाडीला बिघडलं तर आपण डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे टाकतो, म्युझियममधल्या गाडीचा जुना रंग मात्र परत आणता येत नाही. बोटांना घाम असतो, घामात मीठ आणि तेल, उघड्या धातूवर तो ठसा कालांतराने कोरल्यासारखा बसतो. आणि बोटापेक्षा घातक म्हणजे अंगठ्या, पट्ट्याचं बक्कल, पाठीवरची सॅक. मी स्वतः एकदा डॅशबोर्ड बघायला दोरीवरून वाकले आणि अलार्म असा काही वाजला की अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला, त्यामुळे मुलाला काही बोलायचा मला अधिकार नाही खरं तर. त्याच्या हाताला काम द्या. वही आणि शिसपेन्सिल, पेन नको, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. हेडलाइट म्हणजे डोळे आणि पुढची जाळी म्हणजे तोंड धरून गाड्यांचे चेहरे काढायला सांगा, कोणती रागावलेली, कोणती झोपाळू. आणि नेदरलँड्समधल्या हेगच्या लाउमन म्युझियममधल्या हंसाच्या गाडीची गोष्ट सांगा, १९१० च्या सुमारास कलकत्त्यातल्या एका हौशी ब्रिटिशाने बनवून घेतलेली, पुढे खराखुरा दिसणारा हंस, गर्दी पांगवायला चोचीतून वाफेचा फवारा, आणि मागून रस्त्यावर पांढरा चुना पडायची सोय, का ते मुलाला लगेच कळेल. लोकांची इतकी पळापळ झाली की पोलिसांनी तिला रस्त्यावर यायला बंदी केली.

प्रश्न: मागच्या ट्रिपमध्ये एक गाडी बघितली, रंग उडालेला, सीट फाटलेली, आणि तीच मधोमध मांडलेली. एवढे पैसे आहेत तर नीट का करत नाहीत?

उत्तर: कारण तीच खरी होती. जुन्या गाड्यांच्या लोकांमध्ये म्हणतात की गाडी ओरिजिनल एकदाच असते. चकचकीत रिस्टोअर केलेली गाडी छानच दिसते, पण तिच्यावर दिसतो तो आत्ताच्या पेंटरचा हात. फाटलेल्या सीटमधून आतलं काय भरलंय ते कळतं, रंग उडालेल्या जागी खालचे थर कळतात, दाराच्या काठावर हात टेकून टेकून झिजलेली जागा बघितली की गाडीत कोण कसं बसायचं ते डोळ्यापुढे येतं. जुन्या चित्रावर कोणी नव्याने रंग मारला तर आपण बोंब मारू ना, तसंच हे. पुढच्या वेळी अशी गाडी दिसली की खालीही बघा, चाकांवर वजन येऊन टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून काही वेळा गाडी स्टँडवर उचलून ठेवलेली असते, आणि इंजिनखाली ऑइलचा ट्रे ठेवलेला असतो, कारण म्हातारी गळतेच.