तीनशे जीबी गाण्यांसाठी 54 हजारांचा हप्ता?

अंबाजोगाईच्या एका शिक्षक वाचकांनी विचारलं आहे: वडिलांच्या 700 सीडी आणि 200 कॅसेट एका जागी साठवून घरात मोबाइलवर, स्पीकरवर ऐकायच्या आहेत. दुकानदाराने दोन डिस्कचा नॅस (घरच्या वायफायला जोडून ठेवायची साठवणपेटी) सुचवलाय. 4 टीबीच्या दोन डिस्क धरून 54 हजार, ‘नो कॉस्ट’ हप्ता 4,500 रुपये, 12 महिने. पगार 41 हजार, घरखर्च 32 हजार, बचत खात्यात 60 हजार. घ्यावा का?

नमस्कार सर. आता घेऊ नका. हौसेला माझी ना नाही, पण माप चुकलंय.

एक सीडी फ्लॅकमध्ये घेतली, म्हणजे आवाजात काहीही न गमावता, तर साधारण 350 एमबी होते. 700 सीडींचे 245 जीबी. तासाभराची कॅसेट 300 एमबी धरली तर 200 कॅसेटचे 60. सगळं मिळून 305 जीबी. दुकानदार तुम्हाला 4 टीबी वापरायला देतोय (दुसरी डिस्क पहिलीची नक्कल ठेवते), म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त जागा रिकामीच राहणार आणि तिचा हप्ता तुम्ही भरणार.

‘नो कॉस्ट’चं म्हणाल तर, शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत मुरवलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी, आणि हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या रकमेवर जीएसटी. रोखीत किती, एवढं दुकानात विचारून बघा. महिन्याला उरणाऱ्या 9 हजारांतले निम्मे हप्त्यात गेले, तर दोन महिन्यांच्या खर्चालाही न पुरणारी तुमची शिल्लक वाढायची कधी?

घरात मुलीचा जुना लॅपटॉप पडून आहे असं तुम्ही लिहिलंय. तोच सर्व्हर करा, म्हणजे गाणी त्यावर ठेवून घरभर ऐका. त्यासाठी नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लाइट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असतेच. आपल्याकडे ही गोष्ट छोटी नाही, कारण लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कवरचा डेटा खराब होऊ शकतो. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, ते पाहून घ्या. जुना डेस्कटॉप मात्र चालू ठेवू नका. 60 वॉट दिवसरात्र म्हणजे महिन्याला 43 युनिट. महावितरणची 100 युनिटची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटचा दर चढतो, मग फुकटचा डेस्कटॉप महागात पडतो. लॅपटॉप 12 वॉट धरला तरी 9 युनिटच्या आत.

पैसे घालायचेच तर 1 टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्कवर घाला आणि सगळं मिळून 15 हजारांच्या वर जाऊ नका, तेही रोखीने, दोन महिन्यांत थोडं थोडं करून. नॅसमधल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एक बिघडली तर दुसरी तारते, पण चुकून फाइल पुसली तर दोन्हीकडून पुसली जाते, आणि चोरी झाली किंवा वीज कोसळली तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून सगळं उतरवून झालं की दुसरी डिस्क लातूरला बहिणीकडे ठेवा, सणावाराला जाल तेव्हा नवी भर घालून परत ठेवा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, गाणी नाही. लॅपटॉप आणि डिस्क पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. अनेक पोर्टेबल डिस्कच्या कागदावर 35 अंशांची मर्यादा असते, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे.

उद्या शाळेचे व्हिडिओ, घरचे फोटो असं सगळं साठवायला लागलात, तर नॅसचा विचार पुन्हा करू. तोवर शिल्लक तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी होऊ द्या.

एक सांगतो, सीडीपासून सुरुवात करू नका. त्यांतल्या बऱ्याचशा पुन्हा मिळतील. वडिलांनी अंबडच्या दत्त जयंती महोत्सवात स्वतः टेप केलेल्या कॅसेट बाजारात मिळणार नाहीत, आणि त्या वाजवूनच उतरवाव्या लागतात, म्हणजे सगळ्या मिळून 200 तास. त्या आधी घ्या, आणि रोजचं काम झालं की त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवरही उतरवा.