शपथ राहू दे, आधी चाव्यांचं बघ

अरे, कॉलेजात दारू पिऊन गाडी चालवू नका म्हणून जो कार्यक्रम घेतोयस, त्याचा कागद वाचला. दीपप्रज्वलन, आरटीओच्या साहेबांचं भाषण, अपघाताच्या फोटोंच्या स्लाइड्स आणि शेवटी सामूहिक शपथ. उत्साह आवडला, पण ह्यातलं काहीही गटारीच्या रात्रीपर्यंत पोरांच्या डोक्यात टिकणार नाही. रक्ताचे फोटो बघून पोरं दोन मिनिटं गप्प बसतात आणि मग मनात म्हणतात, त्याला झेपली नसेल, आपल्याला झेपते. पुण्यातल्या कल्याणीनगरचं आठवतंय ना, १९ मे २०२४, पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअर उडवले आणि ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, अख्खा महाराष्ट्र भडकला, पुढे तो आदेश बदलावा लागला. मग आपली शपथ त्या निबंधापेक्षा वेगळी कुठे आहे सांग मला.

प्राचार्य म्हणतील आपली मुलं पीतच नाहीत. बरोबरच आहे, राज्यात दारूचं वय २५, बिअरचं २१, म्हणजे कागदावर तुझा अख्खा वर्ग दूध पितो :) तू त्या वादात पडूच नकोस. प्यावं की पिऊ नये ते त्यांच्या घरचे बघतील, आपण फक्त प्यायल्यावर गाडीचं काय करायचं एवढंच बोलायचं.

भाषणाऐवजी फळ्यावर हिशोब मांड. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ६५ किलोच्या पोराने उपाशीपोटी ६० मिलीचा एकच पेग मारला तरी तो साधारण ह्याच्या वर जातो. क्वार्टर (१८० मिली) रात्री बाराच्या सुमारास पटापट संपवली तर आकडा १३० च्या आसपास, आणि लिव्हर तासाला उतरवते अंदाजे १५, मग सकाळी सहाला किती राहिले ते त्यांनाच काढू दे. ४० येतात! झोपून उठला, आंघोळ केली, लिंबूपाणी प्यायला, कडक कॉफी घेतली तरी लिव्हर काही घाई करत नाही. सकाळी बाईकवर कंपनीत फर्स्ट शिफ्टला निघणाऱ्या पोरांना हे कोणी सांगतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पटतं ते हेच. दंडाचं एका वाक्यात सांग, पहिल्यांदा १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही, आणि कोर्टात उभं राहावं लागतं, चौकात पावती फाडून सुटका नाही.

आता मेन गोष्ट. पिणाऱ्याला शिकवून फार उपयोग नाही, तेव्हा त्याचं डोकंच जागेवर नसतं. शिकवायचं मागे बसणाऱ्याला. पेण-अलिबागकडे हळदीच्या रात्री एक-दीडला डीजे बंद होतो, ना रिक्षा ना ओला, बाहेर पाऊस, आणि मग ट्रिपल सीट निघतात, मागच्या दोघांना कळत असतं की ह्याला चढलीय, पण बोलणार कोण? तेच स्टेजवर करून घे, दोन पोरं उभी कर, एकाच्या हातात खरी चावी दे. पहिला म्हणेल "तू लय प्यायलायस, दे इकडे" आणि बघ लगेच भांडण, कारण आता प्रश्न इज्जतीचा झाला. मग दुसऱ्या पद्धतीने करून बघा, "गाडी इथंच राहू दे रे, मलाही झोप आलीय, तुझ्या आईला मी फोन करतो, सकाळी चहा पिऊन निघू." ह्यात कोणी कोणाला बेवडा म्हटलं नाही, म्हणून चालतं. चार-पाच जोड्यांना करायला लाव, हसतील, शिट्ट्या मारतील, मारू दे, वाक्य तोंडात बसलं पाहिजे बस.

आणि त्याहून सोपं म्हणजे पहिली बाटली उघडायच्या आधीच सगळ्या चाव्या हळदघरच्या काकूंकडे द्यायच्या. मित्राशी हुज्जत घालणारा गडी रात्री दोनला काकूंसमोर चावी मागायला जात नाही, गेला तरी काकू देत नाहीत. झोपायला दोन सतरंज्या जास्त लागतील एवढंच, यजमानाला आधी सांगून ठेवायचं.

कार्यक्रम गटारीच्या आदल्या आठवड्यात ठेव, जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात ठेवशील तर थर्टी फर्स्ट होऊन गेलेला असतो आणि गटारी अजून लांब असते. फळ्यावरचा हिशोब मला आधी पाठव, एकदा तपासून देतो. आणि प्राचार्यांना शपथ हवीच असेल तर घे बापडी, दोन मिनिटांत उरक, पण चावीवाल्या नाटकाचा वेळ कापू देऊ नकोस.